हेडसरच्या आवाजात

सर, आपल्या शाळेत आता बोलणारे कॉम्प्युटर हायेत. दोन. पोट्टे अठरा. तुमच्या वेळी एकही नव्हता, भंगारातून आणलेला कीबोर्ड होता नुसता, तार तुटलेला. तुमी अक्षर बोलायचे, आमी बटन दाबायचो, अन् तुमी आमच्या बोटावर बोट ठेवून तपासायचे, कारण तुमालेही आमच्यासारखंच दिसत नव्हतं. तुमी देवाघरी गेले तेव्हा मी आठवीत होतो. आता ह्याच अंधशाळेत कॉम्प्युटर मी शिकवतो, बारावी नापास असून. हसा तुमी.

एकदा हेडसरच्या आवाजात मी वऱ्हांड्यातून "आज अर्धी सुट्टी" असं सांगून दिलं होतं. सारे पोट्टे फाटकापाशी. तुमी खुर्चीतून हलले नाही. म्हणाले, "काहून बे, हेडसर आज अनवाणी कसे आले?" अन् कान पिळला. दुसऱ्या दिवशी तोच कीबोर्ड घरी न्यायले दिला. "घे, उद्योग लागन तुले."

आज सरकारी अनुदानाचा अर्ज होता. बारा कॉम्प्युटर अन् ब्रेल छापायची मशीन. मुदत पाच वाजेपर्यंत. अन् सकाळीच हेडसरच्या छातीत कळ आली, धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं. जाता जाता मोबाइल माह्या हातात देऊन गेले, "याच्यावर अर्जाचा ओटीपी नंबर येईन, तो क्लार्कताईले सांगजो."

अर्जात एका जागी वाकड्यातिकड्या अक्षराचं चित्र येते. तिथं आपला कॉम्प्युटर मुका होते. मी म्हटलं, "ताई, आंधळ्याइचा अर्ज, अन् आंधळ्याले भरता येत नाही." ताई डोळस, ते अक्षर पाहून भरता भरता म्हणे, "हासू नको, साडेचार झाले."

नंबर आला, भरला. तेवढ्यात मोबाइल वाजते. पलीकडून साहेब, "मुख्याध्यापक बोलता काय? पडताळणीसाठी अर्ज अडकून राहिला." हेडसर दवाखान्यात हायेत म्हटलं तर सारं आजच संपलं. मी विचार करायच्या आधीच गळ्यातून हेडसर निघाले, "हो, बोला." ताईची खुर्ची करकरायची थांबली.

दोन प्रश्न सोपे होते. तिसरा, "शिकवणारा पदवीधर पाहिजे. तुमचा तर बारावी नापास. अर्ज बाद करू काय?"

"पोट्टा चांगला हाये साहेब."

"असू द्या ना चांगला. अट म्हणजे अट."

ताई कानापाशी पुटपुटते, "पाचले दहा कमी." मी हेडसरसारखा खोकलो अन् म्हटलं, "त्याले काढतो. पदवीधर लावतो."

"ईमेलवर लिहून पाठवा."

ताईनं टाइप केलं. ती रोज भराभरा टाइप करते, आज एकेक बटन वेगळं ऐकू येत होतं. मले म्हणे, "पाठवू काय गा?" मी म्हटलं, "पाठव." अर्ज गेला.

हेडसरले अजून काही माहीत नाही. छातीचं बरं झालं म्हंजे सांगीन. ते मले ठेवायसाठी अर्ज परत घेतील, हेच भेव वाटून राहिलं. मले नोकरी भेटन कुठंतरी, हुडकेश्वरच्या कॉल सेंटरात फोन उचलायची तरी भेटन.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, कॉम्प्युटरमधेच पडून राहीन. एकच सांगायचं होतं. घरी निघताना तिसरीतल्या पोरीनं बाही धरली. "सर, नवीन कॉम्प्युटर आले म्हंजे तुमीच शिकवान ना?"

मी हो म्हटलं, सर. दिवसभरातलं तेवढं एक खोटं मी माह्या आवाजात बोललो.