अजून जरा पाठी

१ मे २०२५, गुरुवार

आलो एकदाचा चारकोपला! घाटकोपरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचं शटर परवा कायमचं ओढलं आणि आज दुपारी सामान घेऊन दारात उभा राहिलो. सामान म्हणजे एक गादी, चार भांडी आणि सात जुने टीव्ही. टेम्पोवाल्याने विचारलं, काका, भंगाराचा धंदा का? त्याला म्हटलं, छंद आहे. तो आधी टीव्हींकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे.

जागा झकास आहे. खाली एक खोली, वर एक, आणि त्यावर माझी स्वतःची गच्ची. पश्चिमेला मनोरीच्या खाडीपर्यंत एकही टॉवर आड येत नाही. माझ्यासारख्या माणसाला याहून जास्त काय हवं? खोट एकच. गळती काढायची म्हणून पश्चिमेकडचा कठडा फोडून ठेवलाय. ठेकेदार वीस तारखेला येतो म्हणालाय. तोवर तिथे सुंभाची एक दोरी ताणून बांधलीय.

ही जागा शोधून दिली कुंदावहिनीने. माझ्या थोरल्या भावाची, बाळादादाची बायको. दादाला जाऊन एकोणचाळीस वर्षं होतील. ती इथेच तीन घरं सोडून भाचीकडे राहते. संध्याकाळी भात आणि सोलकढी घेऊन आली. टीव्हींची रांग बघून म्हणाली, सुयोग, लग्न केलं असतंस तर बायको एकच आणून भागलं असतं. खूप हसलो दोघं.

३ मे, शनिवार

वरच्या खोलीत टीव्ही मांडले. खरं तर ही वही नोंदींची: वेळ, दिशा, चित्र कसं आलं. पण मला नोंदीसोबत बडबड करायची खोड आहे.

मे-जूनमध्ये कधीकधी वरच्या हवेतला एक थर आरशासारखं काम करतो. मग दोन-अडीच हजार किलोमीटरवरच्या टीव्ही केंद्राचं चित्र आपल्या अँटेनात येऊन पडतं, दहा मिनिटं टिकतं आणि जातं. ते पकडायचं आणि लिहून ठेवायचं, एवढाच आमचा छंद. आता सगळं डिजिटल झालंय, जुन्या पद्धतीची प्रक्षेपणं जगात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. मुंबईचा चार नंबरचा चॅनेलसुद्धा बंद झाला. आम्हाला ते बरंच. पाटी कोरी झाली, आता लांबचं काही आलं तर लगेच दिसेल.

अँटेनाचा पाइप कठड्याला बांधता येत नाही, म्हणून रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात उभा केला. डबा ओढत गच्चीभर फिरवता येतो.

भिंतीवर पहिली टांगली ती माझी चौकट. आमच्या छंदवाल्यांच्या मंडळाने माझ्या पहिल्या नोंदीचं पान मढवून दिलंय. ‘१८ मे १९८६, रविवार, सकाळी ११.२०. चॅनेल ४. आखातातलं केंद्र. चित्र उत्तम.’ मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मंडळाच्या प्रत्येक भेटीत ही गोष्ट सांगतो, मुलुंडच्या मिथुनला तर ती पाठ झालीय. गंमत म्हणजे १९८६ चं आणि यंदाचं कॅलेंडर वारासकट सारखं आहे. यंदाही अठराला रविवारच.

६ मे, मंगळवार

सकाळी ११ च्या सुमाराला चार नंबरवर पकड! दिशा पश्चिम. चित्र खराब, पण आहे. एक उभा पाइप आणि तो धरलेले दोन हात. पाच मिनिटं दिसलं. कुठल्या देशाचं असावं?

फोटो काढून मिथुनला पाठवला. त्याचं म्हणणं, सुयोगदा, नुसत्या मुंग्या दिसतायत. चष्मा बदल म्हणाला. मीही हसलो. पण माझ्या फोनवरही नुसत्या मुंग्याच आहेत.

९ मे, शुक्रवार

११.०५. चित्र मंगळवारपेक्षा बरं. मुंबईतल्यासारखी सिमेंटची गच्ची, कठडा नाही. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट घातलेला माणूस हातात अँटेनाचा पाइप धरून उभा आहे. वायर पायात लोळतेय. चेहरा पाइपाच्या आड. तो एक पाऊल मागे सरतो, थांबतो, आणि खाली कोणालातरी काहीतरी विचारतो.

मग आवाज आला. लहान मुलाचा.

मी टीव्ही बंद केला. वहिनीने डब्यात बांगड्याचं तिखलं पाठवलं होतं, ते तसंच राहिलं. ती पँट मला माहीत आहे.

१२ मे, सोमवार

आज परत तेच. तीन पावलं मागे. मुलगा म्हणतो, ‘नाय इला. अजून जरा पाठी.’

तो आवाज माझा आहे.

लिहूनच टाकतो. एकोणचाळीस वर्षांत हे कुठेच लिहिलं नाही.

गोरेगावला आमची दुमजली चाळ होती. रविवारी सकाळी टीव्हीवर मुंग्या आल्या म्हणून बाळादादा पाइप घेऊन वर चढला. मी खाली टीव्हीसमोर बसलो. तो वरून आमच्या मालवणीत विचारणार, चित्र इला काय, आणि मी सांगणार, आलं असेल तर इला, नसेल तर नाय इला. घरोघरी असंच चालायचं. चित्र लगेच आलं, अगदी स्वच्छ. पण त्याच्यामागे पुसट दुसरंच काहीतरी हलत होतं. उजवीकडून डावीकडे धावणारी अक्षरं, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. दादा जसा पश्चिमेला सरकेल तसं ते ठळक होत होतं. मला हाव सुटली. तो विचारत राहिला आणि मी ओरडत राहिलो, नाय इला, अजून जरा पाठी. परदेशातलं चित्र आरशासारखं लख्ख झालं, तेव्हा मागच्या अंगणात आवाज झाला. मी उठलो नाही. आधी घड्याळ बघितलं आणि गृहपाठाच्या वहीत वेळ लिहिली. मगच बाहेर गेलो.

त्या सकाळी नळावर दादाचं आणि कुंदावहिनीचं भांडण झालं होतं, सगळ्या चाळीने ऐकलेलं. लोकांनी ठरवलं, बायकोच्या तोंडाला कंटाळून त्याने उडी मारली. आईनेही तेच धरलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीची ट्रंक दाराबाहेर ठेवली. बावीस वर्षांची होती ती. मी दारात उभा राहून बघत होतो, बोललो काहीच नाही. आणि ते पान मी भिंतीवर टांगलंय! लोकांना कौतुकाने दाखवतो! लाज वाटते म्हणायचीही लाज वाटते.

१४ मे, बुधवार

वहिनीला सांगायचंच, असं ठरवून गेलो. ती कैऱ्या चिरत होती. माझं तोंड उघडायच्या आत तिनेच जुनं काढलं. म्हणाली, सगळ्यांनी मला नावं ठेवली रे, तुझ्या आईनेसुद्धा. तू एवढासा होतास, पण एक शब्द उलटा बोलला नाहीस. तेवढ्यावर मी दिवस काढले.

मी मान खाली घालून फोडी खाल्ल्या. वर मीठ मागून घेतलं.

१६ मे, शुक्रवार

अँटेनाची वायर काढून ठेवली. तरी चित्र आहे. गच्चीची कड आता चित्रात दिसते. दादा कडेपासून चार पावलांवर.

तो मागे वळून बघत का नाही? मी टीव्हीपुढे ओरडलो, दादा, इला, चित्र इला, थांब! त्याला ऐकू जात नाही. त्याला फक्त तो मुलगाच ऐकू येतो.

१७ मे, शनिवार

वहिनी डबा घेऊन सरळ वर आली. मला बंद करायला वेळच मिळाला नाही. तिला दिसलं. फोटोत न येणारं चित्र तिला दिसलं!

पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली की बनियनच्या उजव्या खांद्यावरचं रफू तिचं आहे. पांढरा दोरा संपला म्हणून काळ्याने घातलेलं. तेवढ्यात तो मुलगा बोलला. तिने विचारलं, हे कोण बोलतंय रे?

मी म्हटलं, माहीत नाही.

पुन्हा तेच केलं मी. पन्नाशी उलटली तरी—

ती चौकटीसमोर गेली. पदराने काच पुसली, पान वाचलं. वेळ दोनदा वाचली. मग वळून एवढंच म्हणाली, उद्या अकराला येते. मी खाली टीव्हीजवळ बसते, तू वर जाऊन अँटेना नीट फिरव. मला त्याचं तोंड एकदा बघायचं आहे.

रडली नाही.

१८ मे, रविवार

११.०५. आली. खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली. चौकट भिंतीवरून काढून मांडीवर घेतली. आधी सांगणार होतो. खाली आल्यावर सांगतो—

११.१२. गच्चीवर आहे, वही सोबत. अँटेनाचा डबा मधोमध, वायर परत जोडलीय. खिडकी उघडी, टीव्हीची खरखर इथवर येते. चित्र इला काय, विचारलं. तिने सांगितलं, नाय इला. अजून जरा पाठी.

११.१५. डबा दोन पावलं ओढला. खरखर थांबली. तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत मी, खरखर थांबली म्हणजे चित्र स्वच्छ आलेलं असतं. परत विचारलं. नाय इला. अजून जरा पाठी.

म्हणजे दादालाही वर कळत होतं. खरखर थांबलेली त्यालाही ऐकू येत होती. मी खोटं बोलतोय हे माहीत असून तो सरकत राहिला, धाकट्याची गंमत म्हणून, हसत—

११.१८. पाठीला दोरी लागली.

११.१९. सांगितलं. वरूनच ओरडून सगळं सांगितलं. चित्र आलं होतं वहिनी, मी खोटं बोललो, दादाने उडी मारली नाही, तुझी काही चूक नव्हती. गल्लीने ऐकलं असेल. ऐकू दे.

मग तिचा आवाज, रोज जेवायला हाक मारते तसाच, मायेचा— नाय इला, सुयोग. अजून जरा पाठी.

दोरी सैल आहे—

११.२०. चॅनेल ४. चित्र उत्त