डाव्या हाताची दंडार

१२ ऑक्टो., रविवार
तालीम सुरू. दिवाळीनंतर आमच्या कोंढ्यात मंडईची जत्रा भरते, तिला तेरा दिवस उरले. दंडारीच्या नाचाला सोळा जण लागतात, आले चौदा. एक जण हलका धान कापायला गेलाय, तो येईल. दुसरा म्हणजे दादा. त्याच्या जागेबद्दल कुणी विचारलं नाही, मीही नाही. बत्तीस वर्षं माझ्या काठीला काठी त्याचीच. लकवा मारून सात महिने झाले, उजवा हात अजून लोंबतो. आज हवेतच काठी मारत फिरलो. वेड्यासारखं वाटलं.

घरी आलो तर दादा दारातच. "माह्या जागी कोण?" म्हटलं, पाहू. धड जेवला नाही. वहिनी माझ्यावरच चिडली.

१४, मंगळवार
दादाच्या जागेसाठी शेजारच्या गावच्या खडी गंमतीच्या फडातला गडी मागून आणला. नाचतो झकास, गळाही गोड. पण नजर सारखी लोकांवर. गंमतीत तसंच लागतं, समोरच्याला हसवायचं असतं. आमच्यात जोडीदाराची काठी पाहायची. दोन फेऱ्यांत माझी बोटं दोनदा फोडली. दुपारी मशीनवर सुईत दोरा ओवता येईना. ब्लाउजवाल्या बायका ताटकळल्या.

वर मलाच विचारतो, "तुमी लोकायले पाठ दाखवून नाचता, मंग पायल कोण तुमाले?" म्हटलं, आधी काठी पाहा.

१६, गुरुवार
पवनीच्या कॉलेजातली एक मुलगी आली. लोकनृत्यावर प्रकल्प आहे म्हणे. मोबाईल पुढे धरून, "काका, दंडार आणि खडी गंमत यांत वेगळेपण काय?" मी सुरू झालो. गंमतीत शाहीर, ढोलकी, बाईचं सोंग. दंडारीत काठ्या, गोल फेरा, सगळ्यांची तोंडं आत. पाठांतर म्हणून दाखवावं तसं.

खाटेवरून दादा मधेच बोलला. जीभ अजून जरा अडखळते. "गंमतवाला लोकायसाठी नाचते. दंडारवाला जोडीदारासाठी. लोकं पायतेत, त पाहू दे." मुलगी म्हणाली, आजोबा, पुन्हा सांगा ना, रेकॉर्ड झालं नाही. "एकदा सांगतलं ना बाई," म्हणाला आणि हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी उठून आत गेलो. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

१७, शुक्रवार
गंमतवाला परत गेला, त्यांचीही तालीम आहे. बरं झालं.

सकाळी अंगणात दादाच्या डाव्या हातात काठी दिली. माझी उजव्या हातात. काठ्या भेटेचनात. मग मीही डाव्या हातात घेतली आणि जमलं. दादा पाय थोडा ओढतो, पण ठेका पहिल्यासारखाच.

अडचण मोठी. आमचा गोल उजवा हात आत ठेवून फिरतो. दादाला घ्यायचं तर सोळाही जणांनी काठी डाव्या हातात धरायची आणि गोल उलटा फिरवायचा.

१९, रविवार
तालमीत विषय काढला. नामदेवभाऊ आमच्यात सगळ्यांत वडील, गाणं तेच उचलतात. म्हणाले, "मधात देवीचा दिवा रायते. देवाभोवती उलटं कोणी फिरते का? तो मयतीचा फेरा. माह्या बापानं नाई फिरवला, मी नाई फिरवत." खरं होतं ते. तरी माझं टाळकं सरकलं. "मंग देवीनं त्याचा उजवा हात काहून नेला, इचारा तिले." बोलू नये ते बोलून गेलो.  गाणं न होताच सगळे उठले.

२१, मंगळवार. लक्ष्मीपूजन
दादाच्या कानावर गेलंच. "माह्यासाठी गाव उलटा फिरवून राहिला काय? मी खुर्चीवर बसून पाहीन."

त्याचा अंगरखा शिवायला घेतला. उजवी बाही खांद्यापासून खाली उघडी ठेवली, बटणं लावली. "खुर्चीवर बसाले नवा अंगरखा कायले?" मी टीप मारत राहिलो. घालून आरशापुढे बराच वेळ उभा होता.

२३, गुरुवार. भाऊबीज
नामदेवभाऊंकडे जाऊन माफी मागितली. खळ्यावर होते. "तुया राग नाई रे मले. पन दिवा..."  चहा पाजला. दोघंही धानाकडे पाहत बसलो.

परवा मंडई. दादाच्या जागी वहिनीचा भाऊ उभा राहायला तयार आहे. हो म्हटलं नाही अजून.

२५, शनिवार. मंडई
चौकात ढोल वाजतोय. नामदेवभाऊ सकाळीच शेला घेऊन दुकानात आले. शेल्याचं सुटं टोक आम्ही डाव्या कमरेला खोचतो, काठीच्या हाताआड येऊ नये म्हणून. तिथे ते अडकवायची पट्टी मीच शेल्याला शिवून दिली होती. माझ्यापुढे शेला टाकला. "पट्टी उसव. उजवीकडं लाव."

मी विचारलं, "आन बाकीचे?"

"त्यायचं मले मालूम नाई. मी माह्यं सांगून राहिलो."

"आन दिवा?"

"देवीले मी सांगीन," म्हणाले आणि गेले.

 दादा पहाटेपासून अंगरखा घालून ओट्यावर बसलाय. त्याला अजून सांगितलं नाही. नामदेवभाऊ, तो आणि मी, झाले तीन. उरलेल्या तेरा जणांनी काठी उजव्याच हातात धरली तर...

शेला झाला. दादाला हाक मारतो.