एक नंबर मोठे बूट

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांना नमस्कार. माझ्या पायांचं काही विचारू नकोस.

डोंगरावरच्या कामासाठी जाड चामड्याचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, "मापाचेच घ्या, वापरून सैल पडतात." पण मी सवयीने एक नंबर मोठे घेतले. लहानपणी तू घ्यायचीस ना, पाय वाढेल म्हणून! आता टाच आत घसरते, फोड आलेत. काळजी करू नकोस. मऊ पडावेत म्हणून संध्याकाळी खोलीतच घालून फिरतो, तर खालचा भाडेकरू छताला काठी ठोकतो.

तू विणलेले मोज्यांचे दोन्ही जोड एकावर एक चढवले की बूट बरे बसतात. बाबांचा गुडघा कसा आहे?

दमलोय गं. इथे बुटाचं टोक दाबून, अंगठा कुठवर आलाय ते कुणी बघत नाही.

तुझा धाकटा