आतेची लाकडं, माझी ट्रॉली

१८ एप्रिल
तारकर्लीला दोन खेपा. सुरूच्या फांद्या. होमस्टेवाल्याला पाहुण्यांसाठी वाळूत शेकोटी पेटवायची असते. एप्रिलात! आम्ही घामाने निथळतोय आणि ह्यांना शेक हवा. वर मला सांगतो, "धूर होऊचो नाय असा लाकूड दी." म्हटलं, देवाने तसं केलं की पहिली खेप तुझी.
परतताना मागे एस.टी. हॉर्न मारून मारून कान किटवले. अरे, पॉवर टिलर आहे हा, मागे ट्रॉली आहे, मी काय पंख लावू? वडाजवळ बाजूला घेतला तेव्हा ड्रायव्हर हसून हात करून गेला. ओळखीचाच निघाला.
ट्रॉलीच्या तळाची एक फळी हलते. नट गंजलेत. बघायला हवं.

२३ एप्रिल
खालच्या वाडीतल्या बाबल्याच्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न ४ मेला, घरच्याच मांडवात. जेवणाची लाकडं माझ्याकडून. पिंगुळीचा आचारी आलाय, नखरा बघावा. "अकेशिया नको, चटचट करता. आंब्याची दी, सुकी." बरं बाबा, आंब्याची.
माझा सुका साठा सगळा आतेच्या मांगरात. पार्वती आते, बाबांची थोरली बहीण, शेजारच्या घरात एकटी राहते. वय विचारलं तर शिव्या देते. मांगर तिचा, घरामागची कौलारू शेड. अर्धा तिच्या लाकडांना, अर्धा माझ्या.

१ मे
मांगरातून लग्नाची लाकडं भरून नेली. ट्रॉली काठोकाठ. एक नंबर माल, ओंडक्यावर ओंडका आपटला की खणखणतो. बाबल्या खूश.

४ मे
लग्न उत्तम झालं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, जिलेबी. आचारी स्वतः येऊन म्हणाला, "लाकडां काय होती ओ! भात हां हां म्हणता शिजलो." मी कॉलर ताठ करून घेतली. आते आली नाही, गुडघे. तिला डबा नेऊन दिला.

६ मे
घात झाला.
सकाळी आते काठी टेकत मांगरात गेली. तिथूनच हाक. "दत्ग्या! माझी लाकडां खंय गेली?"
गेलो. डाव्या बाजूला नुसती जमीन. उजवीकडे ढीग तसाच.
वर्षानुवर्षं आतेची लाकडं उजवीकडे, माझी डावीकडे. मी डोळे मिटून डावीकडचं भरलं. गेल्या पावसात उजवीकडची कौलं फुटली, पाणी गळायला लागलं, तर तिने सौ.ला हाताशी धरून ढिगांची अदलाबदल केलेली. मला कोण सांगणार? सौ. म्हणते, "सांगललंय मा तुमका! मोबाइलात तोंड घालून हां हां केलास." असेल. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय.
आणि उजवीकडचं, म्हणजे माझं, ते गळक्या कौलांखाली बुरसून गेलंय. चुलीला चालेल. आतेला नाही.
कारण ती लाकडं चुलीची नव्हतीच. अंगणातला आंबा वादळात पडला तेव्हा जाड फांद्या फोडून तिने बाजूला ठेवल्या होत्या, स्वतःच्या सरणासाठी. तीन पावसाळे सुकवल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, मुलीचे दागिने दाखवावेत तशी. आणि मी त्यावर लग्नाचं जेवण शिजवलं.
"शिरा पडो तुझ्या तोंडार" एवढं म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. जेवली नाही.

७ मे
बाबल्याकडे गेलो. मांडव सुटत होता. मागच्या बाजूला थोडे ओंडके उरले होते. कशाला हवेत ते सांगितलं नाही. पोरीच्या लग्नाचा भात सरणाच्या लाकडांवर शिजला, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. सौ.नेही बजावलं, "तोंड उघडशात तर बघा."
आणून आतेच्या दारात उतरवले. वाटलं, काहीतरी तरी आणलं. तिने हात नाही लावला.
"मांडवातला लाकूड परत मसणात नेतंस रे मेल्या? त्या चेडवाच्या संसाराक काय झाला तर?"
"मगे काय करू, आते?"
"न्हाणीत घाल. पाणी तापय."
मग थोड्या वेळाने, "प्राजक्ताचाच मा लग्न? तेका बारशापर्यंत मीच न्हावक घातलंय. भात बरो शिजलो?"
म्हटलं, छान शिजला.
"तरी बरा," म्हणाली. हसली नाही. पण पेज घेतली.

१० मे
सुका आंबा शोधतोय. कुडाळ, कट्टा, चौके. सगळीकडे तेच, "मे महिन्यात सुकी लाकडां मागतंस? खुळो काय?" लोकांनी आपापली पावसाळ्याची बेगमी करून टाकलीय. अकेशिया मिळतंय, काजू मिळतंय. आते म्हणते आंबाच. बापाला आंबा, नवऱ्याला आंबा.
इथवर ठीक होतं. पुढे म्हणाली, "नवऱ्याक आंबो होतो, पण ओलो."
तेव्हा मला आठवलं. काका, आतेचा नवरा, आषाढात गेले. मी शाळेत होतो. सरण पेटेना. बापये रॉकेल ओतत होते, नुसता धूर. संध्याकाळ झाली तरी माणसं परत आली नाहीत आणि आते दारात उभी राहून नदीकडचा धूर बघत होती. कोणी तिला आत नेलं नाही.
आज मला म्हणते, "दत्ग्या, मराक मी भियत नाय. पण माका ओल्या लाकडार ठेव नको रे."
मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

१४ मे
मळ्यातला एक आंबा पाडून फोडला. रस्त्याकडेला उन्हात पसरला. आतेने दोन तुकडे घेऊन एकमेकांवर आपटले. बद् असा आवाज.
"ह्यो दिवाळेक सुकात."
"मगे दिवाळेपर्यंत रव."
"तुझ्या बापाशीचा राज्य आसा काय?" पण हसली.

१९ मे
सावंतवाडी. कोणीतरी सांगितलं, खेळणीवाल्यांकडे सुका आंबा असतो. असतो, खरंच. माणूसही भला, आत नेऊन दाखवला. पण सगळा बारीक कापलेला, निम्म्याची तर केळी, वांगी, सीताफळं झालेली, रंग द्यायची बाकी. मी मूर्खासारखा बघत राहिलो. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून एक लाकडी आंबा घेतला.
आतेला दिला. सगळी हकीकत सांगितली. एवढी हसली की ठसका लागला. "माका काय केळ्यावांग्यांर जाळतलंस?"
आंबा देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय.

२४ मे
आज आते ट्रॉलीपाशी उभी. काठीने फळी वाजवली. टण्.
"ही खंयच्या आंब्याची?"
तिला काय ठाऊक नाही? तिच्याच अंगणातला. फांद्या तिने ठेवल्या, बुंधा कापून मी ट्रॉलीचा तळ आणि फाळके केले. तिनेच दिला होता, पैसे घेतले नाहीत.
"आते, ह्या ट्रॉलीवर माझा पोट आसा."
"पावसात तुझी ट्रॉली खंय फिरता? टिलर चिखलात, ट्रॉली मांगरात. दसऱ्यापर्यंत तुका तिचो उपयोग काय?"
म्हातारीने सगळा विचार करूनच ठेवला होता.
"पावसात मी गेलंय तर फळये काढ. नाय गेलंय तर दसऱ्याक टिलराक जोड आणि जा तुझ्या तारकर्लेक."
हो म्हटलं. तिने तेवढ्यावर भागवलं नाही. रवळनाथाच्या देवळात घेऊन गेली, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लावलं. मी "बा देवा म्हाराजा" सुरू केलं आणि नेमकं काय मागायचं तेच कळेना. आतेला दीर्घायुष्य दे म्हणावं की सुकी लाकडं दे म्हणावं? दोन्ही मागितलं. मागे उभी राहून ती एकटीच "होय म्हाराजा" म्हणत होती, अगदी खणखणीत.

३ जून
ट्रॉली मांगरात नेली. कौलं बदलली. खाली विटा लावून चाकं उचलली, वर ताडपत्री. आते बघत होती. "वाईच डावीकडे घे. उजवीकडे गळता." आता उजवीकडे गळत नाही, पण घेतली डावीकडे.

२१ जून
लावणीआधीची नांगरट. टिलर दिवसभर चिखलात, मी पण. पाठ गेली. होमस्टेवाल्याचा फोन, सुरूची दोन झाडं कुंपणावर पडलीत, ट्रॉली घेऊन ये. म्हटलं ट्रॉली दसऱ्यापर्यंत बुक आहे. "कोणी केल्यान बुक?" म्हटलं आतेने. त्याला वाटलं थट्टा करतोय.

९ जुलै
आतेला ताप. कालपासून. डॉक्टर आला, छातीत कफ म्हणाला, मालवणला न्या. ती ऐकत नाही. "थंय गेलेलो माणूस परत येताना आडवो येता." औषधं चालू. सौ. तिच्याकडेच झोपते.

१२ जुलै
ताप उतरत नाही. पेजेचं पाणी दोन चमचे. मला ओळखते. पाऊस एकसारखा, ओहोळ रस्त्यावर आलाय.
मी दिवसातून चारदा मांगरात जातो. ताडपत्री उचलतो, फळीवर हात फिरवतो. कोरडी आहे. मग स्वतःचाच राग येतो, माणूस आत कण्हतंय आणि मी लाकडं चाचपतोय. पण शब्द दिलाय. आणि मला ती जायला नको आहे. दोन्ही खरं आहे.

१३ जुलै
नट गंजलेत हे एप्रिलातच लिहून ठेवलं होतं, केलं काही नाही. आज आठवलं. ऐन वेळी फळी निघाली नाही तर? सकाळीच पाना, हातोडी, तेल घेऊन मांगरात गेलो. तेल सोडलं, वाट बघितली, हळूच ठोकायला लागलो. हळू म्हणजे माझ्या मते हळू. पहिला नट हलला. दुसरा हलला.
पडवीतून सौ. धावत आली. "तुमका आते बोलावता."
गेलो. हातात पाना तसाच. आते डोळे मिटून पडलेली. मग डोळे न उघडता,
"मेल्या, वाईच धीर धर. अजून आसंय मी."
मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. बावन्न वर्षांचा घोडा. ती हात शोधत होती, पानाच हाताला लागला. तो धरून पडून राहिली.
थोड्या वेळाने सौ.ला म्हणाली, "तेका चाय दी. आणि माका पण, वाईच."
दोन घोट घेतले तिने. तिसरा नको म्हणाली.
संध्याकाळी मांगरात गेलो. नट परत बसवले. पाना आतेकडेच राहिला होता, तेव्हा बोटांनीच आवळले.