अण्णांच्या चाली आणि विकलेलं कार्ड

१२ सप्टेंबर २०००, मंगळवार
हार्ड डिस्क देव्हाऱ्यातून काढली. पाडव्याला जुना कॉम्प्युटर देऊन नवा घेतला, तेव्हा एवढीच काढून ठेवली होती. आत वडिलांच्या, अण्णांच्या, भजनाच्या चाली. ते गात, मी पेटीवर स्वर शोधी आणि टाइप करी. कागदाचा पसारा नको म्हणून कागद केलाच नाही. फ्लॉप्या होत्या, त्यांना बुरशी.
श्रावणात अण्णांची वाचा गेली. उजवं अंगही.
लोणीहून भजनी मंडळाच्या बबनरावांचा फोन. "कोजागिरीपासनं काकडा हाय. अण्णांच्या चाली तरी धाडा. मागं म्हनाया आमी समदे हाय, म्होरं उचलाया कोन?"
देतो म्हणालो. वडिलांना न विचारता.
डिस्क नव्या मशीनला बसत नाही. हिला जोडायला वायरच्या दोन पट्ट्या लागतात, नव्यात एकच, रुंद.

१६ सप्टें., शनिवार
डिस्क घेऊन साळवींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. अदलाबदल त्यांच्याकडेच केली होती. त्यांनी अडगळीतून डिस्क चालवणारं जुन्या पद्धतीचं कंट्रोलर कार्ड काढलं. पट्ट्या बसल्या. डिस्क फिरली, तोच ओळखीचा घरघराट. पडद्यावर मात्र: डिस्क सापडत नाही.
"फॉरमॅट मारू काका, लगेच चालेल."
"आतलं?"
"आतलं जाणार."
त्यांचा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. थोडा जोरातच. मग माफी मागितली.
त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारलं, तेव्हा कळलं. डिस्कवरची आखणी कार्ड करतं आणि प्रत्येक कंपनीच्या कार्डाची आखणी निराळी. ज्या कार्डाने आखलं, त्याच जातीचं कार्ड ते वाचणार. आमचं कार्ड जुन्या मशीनच्या खोक्याबरोबर गेलं. खोक्यात दुसरी डिस्क घालून साळवींनी तो सदाशिव पेठेतल्या एका टायपिंग क्लासला विकला.
घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "म्हणजे डिस्क देव्हाऱ्यात ठेवलीत आणि तिची जीभ विकून आलात."
अण्णा ऐकत होते. ती मग त्यांचं पांघरूण नीट करत बसली.

२३ सप्टें., शनिवार
क्लास जिन्याखालून आत. चालवणाऱ्या बाई साठीच्या. मशीन आमचंच, बाजूला आमच्या नातवाने चिकटवलेला कागदी वाघ तसाच.
"कार्ड काढून द्याल का? दोन दिवस."
"आणि विद्यार्थ्यांनी दोन दिवस टेबलावर बोटं आपटायची?"
म्हटलं, काढत नाही, एका कार्डावर दोन डिस्क चालतात. माझी दुसरी म्हणून लावतो.
"चालू मशीनला मी हात लावू देत नाही. चालू राहतं ते त्यामुळेच."
मग अण्णांची वाचा गेल्याचं सांगितलं. सांगायचं नव्हतं. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "खंडेनवमीला या. क्लास बंद असतो. साफसफाईला खोका उघडावाच लागतो."

६ ऑक्टोबर, शुक्र., खंडेनवमी
सकाळी पेटी पुसली, फूल वाहिलं. मग सदाशिव पेठ.
डिस्कच्या लेबलवर सौ.ने पाडव्याला लावलेलं हळदकुंकू. मशीनला डिस्कची ओळख पटावी म्हणून सेटअपमध्ये भरायचा प्रकार-क्रमांक त्याखाली. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसलं, आकडे दिसले. ती दुसरी डिस्क ठरावी म्हणून तिच्यावरची छोटी टोपी दुसऱ्या जागी सरकवली, पट्ट्या जोडल्या. बटणाकडे हात नेला तोच बाई तबक घेऊन आल्या.
"अहो, थांबा. आज पूजा. आज यंत्राला विश्रांती. बटण उद्या."
घरी पेटीला मीही आज हात लावणार नव्हतो. हात जोडले. आमच्या डिस्कलाही झेंडूचं फूल मिळालं.

७ ऑक्टो., शनि., दसरा
चालू. दोन्ही डिस्क दिसल्या. फायलींची नावं वर सरकू लागली, माझीच नावं, वाचता येईनात. चष्मा पुसला.
नव्या फ्लॉपीवर गौळणी उतरल्या, आरत्या उतरल्या. भूपाळ्यांवर डिस्क खरवडल्यासारखी वाजू लागली. वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न? पुन्हा. पुन्हा. एक आली, बाकीच्या नाहीत. काकडा उघडतो तो भूपाळीनेच.
बाईंनी आपट्याचं पान हातावर ठेवलं. "सोमवारपासून मुलं येतात. तुमची डिस्क राहू दे आत, मी हलवत नाही. पुढच्या शनिवारी बघा."
कोजागिरी शुक्रवारी.

१० ऑक्टो., मंगळवार
आलेली भूपाळी पेटीवर वाजवली. अण्णांचं डावं बोट खाटेच्या काठावर ताल धरत होतं. अंतऱ्याच्या वळणावर थांबलं. पुन्हा वाजवली, पुन्हा तिथेच थांबलं. मला वाटलं दमले.
सौ. दारातून म्हणाली, "दमले नाहीत. तुम्ही चुकताय."
पडद्यावर होतं तेच वाजवत होतो. तिथला निषाद कोमल करून पाहिला. बोट चालू झालं.
चूक टाइप करतानाच झालेली. डिस्कने जशीच्या तशी सांभाळली.
बबनरावांना कळवलं, गौळणी-आरत्या पाठवतो. भूपाळ्यांचं सांगता येत नाही. ते म्हणाले, "बघा काय होतंय ते."
मग न निघालेल्यांतल्या एका भूपाळीचं नाव अण्णांना सांगितलं आणि तिचा पहिला सूर अंदाजाने दाबला. अण्णांचं बोट हललं नाही. शेजारचा दाबला.