सुख बोलून दाखवलं तर

आई, कालपासून मला भीती वाटते आहे आणि ती फक्त तुलाच कळेल.

आपल्या घरात चांगलं काही बोलून दाखवायचं नसे, दृष्ट लागते म्हणून. जेवताना अप्पा म्हणाले, सारू छान झालाय, की तू लगेच म्हणायचीस, आज चिंच जास्त पडलीय. शेजारणीने त्यांचं कौतुक केलं की तू त्यांचं घोरणं काढायचीस. एकदाच चुकलीस. अप्पांनी हुणसूरच्या बाजारातून तुला निळी साडी आणली. ती नेसून तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस आणि पाहुण्यांसमोर म्हणतेस, माझ्यासारखं सुख कुणाला नाही. त्याच वर्षी अप्पा गेले. मला जवळ घेऊन तू म्हणालीस, "मी बोलले गं, म्हणून."

तू न पाहिलेला तुझा जावई पुण्याचा. आमचं लग्न माझ्या चाळिशीत झालं. विजयनगरच्या या घरात ते दूधवाल्यालासुद्धा माझ्या कॉफीचं कौतुक सांगतात आणि मी स्वयंपाकघरातून म्हणते, आज पाणचट झालीय. त्यांचं चांगलं मी कधी बोललेच नाही, म्हणून मला त्यांचं काहीच आवडत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं, हे मला कळलंच नाही. काल त्यांना कामावर विचारलं, पुण्याला बदली घेणार का. अवरेच्या शेंगा सोलता सोलता ते म्हणाले, "मी एकटाच जातो. तुला माझ्याबरोबर बरं वाटतं की नुसतं निभावतेस, खरंच कळत नाही मला." रागाने नाही, दमून.

सुम्ने रहा, गप्प रहा, असं तू म्हणायचीस तसंच कानात ऐकू आलं. गप्प राहिले तर ते जाणार होते, आणि बोलले तर मला अप्पा दिसत होते.

"जाऊ नका," मी म्हणाले. "संध्याकाळी तुमची गाडी फाटकात वळली की इतकं बरं वाटतं, की भीती वाटते."

त्यांनी विचारलं, भीती कसली? मी अप्पांचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"मी गाडी सावकाश चालवेन," म्हणाले, "तू बोलत जा."

आज ते कामासाठी वरुणा गावाला गेलेत. फोन उचलत नाहीत; चालवत असतील. रस्त्याकडे बघत बसू नये म्हणून हे लिहिते आहे. अप्पा तुझ्या बोलण्याने गेले नाहीत, एवढंच तुला सांगायचं होतं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खरं सांगते, माझाही त्यावर अजून पुरता विश्वास नाही. तरी ते आले की कालचं वाक्य मला पुन्हा म्हणायचं आहे.