प्रभूच्या चेहऱ्याची जागा

गाझापलीकडचा टेकडीवरचा मठ,
देसिओस महिन्याची बारावी

प्रिय अबिबास,

प्रभूची कृपा तुझ्यावर, मार्थावर आणि लेकरांवर असो. मी खुशाल आहे. इकडे वारा फार, त्यामुळे जव लवकर कापले. अंत्युखियाहून आलेल्या तेल्याकडून कळलं, तुला तिसरी मुलगी झाली. नाव काय ठेवलंस? अकरा वर्षांत धाकट्या भावाला एक ओळ लिहिली नाही आणि आता पुतणीचं नाव विचारतोय. ओळी वाकड्या जातायत, लेखणी बोथट आहे.

इथे वेदीमागच्या कमानीत काचतुकड्यांचं चित्र करतोय. तोच प्रसंग, डोंगरावर प्रभूचं रूप पालटतं तो. मोशे आणि एलीया झाले. खाली पेत्र, याकोब, योहान कोसळलेत. प्रभूचा झगा झाला, हातपाय झाले, चेहऱ्याची जागा तेवढी मोकळी आहे. सात आठवड्यांनी बिशप अभिषेकाला येतायत. मठाधिपती रोज येऊन ओरडतात, "झोइलोस, प्रभूला तोंड देणार आहेस की नाही? महिनाभर नुसत्या झग्याच्या चुण्या घालत बसलायस!" मी म्हणतो, चुना नीट मळला नाही. बिचारा गायानोस, आपला चुनेवाला, माझ्यापायी बोलणी खातो.

तो गप्प बसणाऱ्यातला नाही, तुला ठाऊकच आहे. परवा म्हणाला, "मालक, पेत्राच्या तोंडाला शेवाळ धरलं का? दाढी हिरवी लावलीत! आणि हे सोनं पालथं कशाला?" सोन्याचा वर्ख लावलेल्या काचांचा हातभर पट्टा मी उलटा बसवला होता, वर्ख चुन्यात आणि मळकट काच बाहेर. गडी हसले. मीही हसलो, म्हटलं, मुद्दाम केलंय.

लेखणी बोथट नाही रे. माझे डोळे गेले. कडेचं दिसतं, मधलं नाही. ज्याच्याकडे बघावं तिथेच काळोख. गायानोसचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. हे मी आज सकाळपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. अकरा वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरच्या देवळात आपण हाच प्रसंग करत होतो, तेव्हा प्रभूभोवतीच्या तेजोवलयात तू अंगालगत गडद निळं लावलंस आणि बाहेर फिकं करत नेलंस. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "उजेड कधी आतून काळा असतो का रे गाढवा?" तू शांतपणे म्हणालास, "दादा, त्या तिघांनी सरळ बघितलं ना, त्यांना हेच दिसलं असणार. म्हणून तर पडले." देवाच्या जवळ जावं तशी नजर सरते, मोशेसुद्धा ढगातच शिरला, हे प्रवचन आपण दोघांनी एका बाकावर बसून ऐकलं होतं. मला तुझं पटलं होतं, अबिबास. तरी तू जेवायला गेलास तेव्हा मी ते निळं छिन्नीनं उखडलं आणि पाळकांना सांगितलं, धाकटा पिऊन कामाला आला होता. कारण तिथे तू केलेला प्रभूचा चेहरा माझ्या हातच्या चेहऱ्यांपेक्षा चांगला उतरला होता. दुसरं काही कारण नाही. त्यानंतर तुला कुणी चेहऱ्याचं काम दिलं नाही. न्हाणीघरांच्या फरशांवर मासे आणि द्राक्षं बसवतोस, असं ऐकतो.

इथे मी तुझंच निळं लावलंय, दिसत होतं तोवर. मठाधिपतींनी वाखाणलं, विचारलं, "हे सुचलं तरी कुणाला?" तेव्हासुद्धा मी तुझं नाव घेतलं नाही. आज सकाळी सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचं, तुझं, दारूच्या थापेचं. ते एवढंच म्हणाले, "तो येईल का?" म्हटलं, आजच पत्र लिहितो.

ये रे. तुझ्या पाया पडतो. प्रभूच्या चेहऱ्याच्या जागेला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, मग बिशप चिडोत की मला हाकलून देवोत. माफ करायला ये असं म्हणत नाही. माझ्याशी बोलू नकोस, सरळ वर चढ. मी खाली शिडी धरून उभा राहीन.

तुझ्यावर कुभांड रचणारा,
तुझा दादा,
झोइलोस